भाकरीला साक्षीला बोलावताना

अमेरिकेत एखाद्या कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये किंवा युनिव्हर्सिटीजवळच्या न्यूमन सेंटरमध्ये तुम्ही हे प्रदर्शन कदाचित पाहिलं असेल. ओळीनं लावलेले फलक असतात. प्रत्येकावर एका गावाचं नाव, एक साल, एखादं जुनं चित्र, काचेच्या पेटीचा फोटो आणि शेजारी थोडक्यात हकिगत. अमुक गावी पाद्र्याच्या हातातल्या भाकरीतून रक्त आलं. तमुक गावी आग लागली, सगळं जळालं, भाकर मात्र तशीच राहिली. अशा शंभराहून जास्त हकिगती, फार जुन्या काळापासून थेट आपल्या काळापर्यंतच्या. प्रदर्शनाचा विषय एकच: युकॅरिस्टचे चमत्कार.

ते ज्यानं उभं केलं तो कार्लो अकुतिस १९९१ मध्ये लंडनला जन्मला, मिलानमध्ये वाढला आणि २००६ मध्ये, पंधराव्या वर्षी, ल्युकेमियानं गेला. शाळेत असताना कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं ही सगळी माहिती जमवली, वेबसाइट केली. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केलं. जीन्स आणि स्नीकर्समधला हा पहिला मिलेनियल संत. तुमच्या वयाच्या कॅथलिक मित्रमैत्रिणींच्या लॅपटॉपवर त्याचा स्टिकर दिसला तर नवल वाटू नये.

पॉडकास्टवर बोलता बोलता जे नीट मांडता येत नाही ते इथे सावकाश लिहायचं, असं आपलं ठरलेलं आहे. तर या लेखात त्या प्रदर्शनाचं परीक्षण. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या श्रद्धेसाठी हे प्रदर्शन उभं केलंय, त्या श्रद्धेलाच ते छोटं करतं. आणि त्याला हसणारे, मग ते प्रॉटेस्टंट असोत नाहीतर आपल्यासारखे 'सायंटिफिक' घरांतले, बहुतेक वेळा त्याच चुकीच्या पाटावर जेवायला बसतात.

आधी भाकरीबद्दल

ख्रिस्ती कथेप्रमाणे पकडलं जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. भाकर मोडून वाटताना, ती आपलं शरीर आहे, असं तो म्हणाला. द्राक्षारसाच्या प्याल्याबद्दलही तसंच, ते आपलं रक्त. पुढची दोन हजार वर्षं ख्रिस्ती लोक ते जेवण परत परत करत आले आहेत. भांडण आहे ते त्या 'आहे' या क्रियापदाचं.

कॅथलिक चर्च म्हणतं, 'आहे' म्हणजे आहेच. मिस्सेमध्ये पाद्री ते शब्द उच्चारतो तेव्हा भाकर ही भाकर राहत नाही. दिसते तशीच, लागते तशीच, पण ती वस्तू आता ख्रिस्त आहे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनं यासाठी जो लॅटिन शब्द वापरला तोच इंग्रजीत ट्रान्ससबस्टॅन्शिएशन झाला. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं तो सिद्धान्त प्रॉटेस्टंटांच्या विरोधात पुन्हा ठासून मांडला.

रूममेटनं विचारलं की आपण पटकन सांगतो, "अरे, आपल्या प्रसादासारखं." हे अगदीच चूक नाही. हिंदी बोलणारे कॅथलिक लोक स्वतःच 'परमप्रसाद' म्हणतात. पण फरक लक्षात घ्या. प्रसाद म्हणजे देवापुढे ठेवलेलं आणि त्याच्या कृपेसह परत मिळालेलं अन्न. सत्यनारायणाचा शिरा हा सत्यनारायण नसतो. कॅथलिक माणूस जिभेवर घेतो ती चकती, त्याच्या मते, देवाकडून आलेली वस्तू नाही, तो देवच आहे. म्हणून मिस्सा संपल्यावर उरलेल्या चकत्या एका बंद कपाटात ठेवतात, शेजारी अखंड दिवा असतो, आणि लोक समोरून जाताना गुडघा टेकवतात.

मराठीत हा वाद दोन शब्दांत साठवलेला आहे. वसईचा कॅथलिक 'मिस्सा' म्हणतो, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. अहमदनगरकडचा प्रॉटेस्टंट 'प्रभुभोजन' म्हणतो. पहिला शब्द एका विधीचं नाव आहे, दुसरा सरळ जेवणाचं. नगरकडे हा दुसरा शब्द रुजवणारं मिशन अमेरिकन होतं. मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल मंडळींनी पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. त्याच्या कितीतरी आधी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याला आला. त्याच्या मायदेशी तेव्हा मिस्सा म्हणणं हा गुन्हा होता. गोव्यात राहून त्यानं मराठी ओव्यांमध्ये 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे हे भांडण आपल्या भाषेच्या दोन्ही दारांतून आत आलेलं आहे. परक्यांचं म्हणून बाजूला सारायचं कारण नाही.

३१ की ६४?

हे प्रदर्शन अमेरिकेत एवढं फिरलं त्यामागे एक आकडा आहे. २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटरनं एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात असं मानणारे अमेरिकन कॅथलिक निघाले फक्त ३१ टक्के. ६९ टक्के म्हणाले, ती चिन्हं आहेत. बिशप मंडळी हादरली. २०२२ मध्ये त्यांनी 'युकॅरिस्टिक रिव्हायव्हल' नावाची तीन वर्षांची मोहीम काढली. तिचा कळस म्हणजे जुलै २०२४ मधलं इंडियानापोलिसचं अधिवेशन. फुटबॉलच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसं जमली. असं राष्ट्रीय अधिवेशन ८३ वर्षांत झालं नव्हतं.

त्याआधी दोन महिने चार दिशांनी चार यात्रा निघाल्या होत्या: कनेटिकटमधल्या न्यू हेवनहून, टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिलहून, सॅन फ्रान्सिस्कोहून आणि मिनेसोटात मिसिसिपी नदी उगम पावते तिथून. सोन्याच्या प्रभावळीत ठेवलेली ती पांढरी चकती घेऊन लोक एकूण साडेसहा हजार मैल गेले. तुम्हाला वारी आठवली ना? आठवू द्या, पुढे उपयोगी पडेल.

पण आधी तो आकडा बघू. प्यूच्या त्याच सर्वेक्षणात अजून एक गोष्ट होती. भाकर हे चिन्ह आहे असं मानणाऱ्या बहुतेकांना, आपलं चर्चही तेच शिकवतं असं वाटत होतं. सगळ्या कॅथलिकांपैकी असे ४३ टक्के. चर्च काय शिकवतं ते माहीत असूनही न पटणारे फक्त २२ टक्के. नंतर जॉर्जटाउन विद्यापीठाशी जोडलेल्या 'कारा' या संस्थेनं प्रश्नाची शब्दरचना बदलून विचारलं, तेव्हा ख्रिस्त तिथे खरोखर उपस्थित असतो असं मानणारे ६४ टक्के निघाले. एवढ्या थोड्या वर्षांत दुप्पट लोक श्रद्धाळू झाले असं कुणी म्हणणार नाही. बराचसा फरक प्रश्नाचा होता. 'खरोखर शरीर होतं का' हा एक प्रश्न, 'खरोखर उपस्थित असतो का' हा दुसरा. साध्या माणसाला पहिला प्रश्न मांसाबद्दलचा वाटतो.

माझ्या परीक्षणाचं मूळ इथे आहे. मूळ अडचण शिकवण्याची होती. लोकांना 'उपस्थित' या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगितलेला नव्हता. त्यावर उपाय म्हणून त्यांच्यासमोर मांसाचे फोटो ठेवले.

लाल डाग

प्रदर्शनातली सगळ्यात गाजलेली हकिगत इटलीतल्या लांचानोची. आठव्या शतकात एका शंकेखोर साधूच्या हातात भाकरीचं मांस आणि द्राक्षारसाचं रक्त झालं, अशी कथा. १९७०-७१ मध्ये ओदोआर्दो लिनोली या डॉक्टरांनी तिथल्या अवशेषांची तपासणी करून सांगितलं की हे माणसाच्या हृदयाचे स्नायू आहेत आणि रक्तगट एबी आहे.

समजा, तपासणी शंभर टक्के बरोबर आहे. त्यातून काय सिद्ध झालं? पेटीत ठेवलेली वस्तू मानवी पेशींची आहे, एवढंच. ती पेटीत कशी आली, ती पूर्वी भाकर होती का, मधल्या बाराशे वर्षांत ती कुणाच्या हातांतून गेली, यातलं काहीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. गुन्ह्याच्या तपासात पुरावा कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद नसेल तर कोर्ट तो बाजूला ठेवतं. इथे फलकावर नेमका तोच भाग नाही, आणि 'विज्ञानानं सिद्ध' हा भाव मात्र ठळक आहे.

आता अमेरिकेतलीच काही प्रकरणं बघा. २००६ मध्ये डॅलसच्या एका चर्चमध्ये पाण्यात ठेवलेली चकती लाल झाली. बिशपनी ती युनिव्हर्सिटी ऑफ डॅलसच्या दोन जीवशास्त्रज्ञांकडे पाठवली. उत्तर आलं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंच्या वसाहती. २०१५ मध्ये युटातल्या कर्न्स गावी तसंच झालं. गर्दी लोटली, लोक गुडघे टेकून बसले. चर्चनं समिती नेमली आणि निष्कर्ष जाहीर केला की ही नैसर्गिक गोष्ट आहे, बहुधा ब्रेडवर येणारी लाल बुरशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडियानातल्या मॉरिस या छोट्या गावी चकतीवर लाल ठिपके दिसले. इंडियानापोलिसच्या आर्चबिशपच्या कार्यालयानं तपासणी करून घेतली आणि महिन्याभरात सांगितलं की माणसाच्या हातांवर असतातच असे जिवाणू आणि बुरशी आहे, मानवी रक्त नाही.

हे परत परत का घडतं, त्यालाही कारण आहे. चकती जमिनीवर पडली किंवा कुणी तोंडातून काढली, तर ती कचऱ्यात टाकत नाहीत. पाण्यात विरघळवून ते पाणी मातीत सोडतात. म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, बंद जागेत, काही दिवस. जिवाणूंना याहून सुखाची जागा कोणती? त्यांच्यातला एक नेहमीचा संशयित म्हणजे सेरेशिया मार्सेसन्स. तुमच्या अपार्टमेंटमधल्या शॉवरच्या कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर धरतो ना, तो बहुतेक याचाच. १८१९ मध्ये इटलीत पाडुआजवळच्या लेन्यारो गावी मक्याचं पोलेंटा रक्तासारखं लाल व्हायला लागलं आणि शेतकरी भेदरले. तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओ यानं तपास करून हा जीव शोधला. १९९४ मध्ये जोहाना कलन या संशोधिकेनं चर्चमधल्यासारख्या चकत्यांवर तो वाढवून दाखवला, आणि १२६३ च्या बोल्सेनाच्या प्रसिद्ध चमत्कारामागे तो असू शकेल असं मांडलं. असू शकेल, एवढंच. साडेसातशे वर्षांपूर्वीचा नमुना तपासता येत नाही, हे तिच्या बाजूलाही लागू आहे.

डॅलस, कर्न्स, मॉरिस. तिन्ही ठिकाणी तपासाची आज्ञा चर्चनंच दिली आणि नकारही चर्चनंच जाहीर केला. आपल्याकडे मुंबईत २०१२ मध्ये इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रुसावरून पाणी ठिबकत होतं. सनल एडमारुकू यांनी ते भिंतीत केशाकर्षणानं चढलेलं सांडपाण्याच्या गटाराचं पाणी असल्याचं सांगितलं, तर काही कॅथलिक संघटनांनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि शेवटी ते फिनलंडला निघून गेले. त्या पार्श्वभूमीवर अमेरिकन बिशपांचा हा कोरडा, प्रामाणिक कारभार मला फार आवडतो. तपासून 'नाही' म्हणणारं चर्च प्रदर्शनात कुठेच भेटत नाही, याचं म्हणूनच वाईट वाटतं. दहा आंबे कापून गोड निघालेला एकच ताटात ठेवला तर झाडाबद्दल काय कळणार?

अक्वायनसची अडचण

इथपर्यंतची टीका कुणीही नास्तिक करेल. त्याहून जड टीका कॅथलिक परंपरेच्या आतूनच येते, तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसकडून.

त्याची मांडणी आपल्या 'द्रव्य' आणि 'गुण' या जोडीनं समजून घेता येते. आजीची पाटली मोडून चेन केली, तर सोनं तेच राहिलं, रूप बदललं. रोजच्या जगातले बदल असे असतात. मिस्सेत उलट होतं, असं अक्वायनस म्हणतो. रंग, चव, वजन, आकार सगळं भाकरीचं, आतली 'ती वस्तू काय आहे' ही गोष्ट मात्र बदललेली. म्हणजे हा बदल डोळ्यांना, जिभेला आणि अर्थात सूक्ष्मदर्शकालाही कळणार नाही, असं सिद्धान्तच सांगतो. कळला तर तो तो बदल नव्हे.

मग भाकरीच्या जागी मांस दिसलं तर? हा प्रश्न अक्वायनसनं 'सुम्मा'मध्ये स्वतःच घेतलाय. उत्तर मोठं सावध आहे. कधी पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच बदल होतो, कधी बाहेरचं रूप खरंच बदलतं. पण दोन्ही वेळी दिसतं ते ख्रिस्ताचं स्वतःचं रूप नव्हे, कारण त्या रूपात तो स्वर्गात आहे. याचा अर्थ लावून बघा. पेटीतल्या मांसाचा रक्तगट एबी निघाला, तरी 'येशूचा रक्तगट एबी' असं म्हणायला अक्वायनसचा आधार नाही. आणि चर्चची अधिकृत शिकवण अशीही आहे की भाकरीचं रूप टिकतं तोवरच ती उपस्थिती टिकते. पाण्यात विरघळून बुरशी धरलेल्या चकतीपुढे गुडघे टेकणारा माणूस चर्चच्याच हिशेबानं उशिरा पोचलेला असतो.

अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर न्यू यॉर्कमधल्या एका जेवणाच्या वेळी बोलली होती ते कॅथलिक लोक नेहमी सांगतात. कुणीतरी युकॅरिस्टला छान चिन्ह म्हणालं, त्यावर, चिन्हच असेल तर ते गेलं उडत, अशा अर्थाचं ती बोलली. मूळचे शब्द बरेच तिखट आहेत. तिला चिन्ह नको होतं, हे खरं. पण तिनं लॅबचा रिपोर्टही मागितला नव्हता. ती मिस्सेला जात होती, तेवढं तिला पुरत होतं. प्रदर्शनाला ते पुरत नाही.

ब्रसेल्सचा फलक

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. या संग्रहात पॅरिस १२९० आणि ब्रसेल्स १३७० या हकिगती चमत्कार म्हणून येतात. दोन्हींचा गाभा एकच: कुणीतरी पवित्र चकती पळवली, तिला भोसकलं किंवा छळलं, आणि तिच्यातून रक्त आलं. मध्ययुगात हा 'कुणीतरी' बहुतेक वेळा ज्यू असायचा. पॅरिसमध्ये आरोपीला जिवंत जाळलं. ब्रसेल्समध्येही ज्यूंना जाळलं आणि उरलेल्यांना हाकलून दिलं. १२९८ मध्ये जर्मनीतल्या रॉटिंगन गावातून अशीच एक आवई उठली आणि पुढच्या काही महिन्यांत हजारो ज्यू मारले गेले.

ब्रसेल्सच्या कॅथेड्रलमध्ये या 'चमत्कारा'ची चित्रं रंगीत काचांवर आजही आहेत. पण तिथल्या धर्मप्रांतानं १९६८ मध्ये मान्य केलं की ते आरोप हेतुपुरस्सर होते आणि चमत्काराची कथा दंतकथा आहे. १९७७ मध्ये तशी पाटीही कॅथेड्रलमध्ये लावली. ज्या चर्चचा हा चमत्कार, तेच चर्च तो मागे घेतं, आणि तो यादीत तसाच राहतो.

याचा दोष मी एका आजारी शाळकरी मुलाला देणार नाही. तो जुनी पुस्तकं वाचून यादी करत होता. दोष आहे तो त्याच्यानंतर फलक छापून अमेरिकाभर फिरवणाऱ्या मोठ्या माणसांचा. पवित्र वस्तूची विटंबना झाल्याची आवई, मग जमाव, मग प्रेतं: हा क्रम काय असतो ते भारतातून आलेल्या घरांना समजावून सांगायला नको. चमत्काराच्या गोष्टीत रक्त कुणाचं सांडलं, हे विचारणं ही श्रद्धेची थट्टा नाही.

आणि प्रॉटेस्टंट?

"प्रॉटेस्टंट लोक हे फक्त चिन्ह मानतात" असं एका वाक्यात सांगून मोकळे होऊ नका. ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. लूथरनं टेबलावर खडूनं येशूचं ते वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि 'आहे' या शब्दावरून तसूभर हलला नाही. अक्वायनसचं तत्त्वज्ञान त्याला नको होतं, पण ख्रिस्त तिथे खरोखर आहे हे हवंच होतं. झ्विंग्लीसाठी ते स्मरण होतं. बाकी बहुतेक मुद्द्यांवर त्यांचं जमलं, या एका घासावर नाही. पुढे काल्व्हिननं तिसरी वाट काढली: ख्रिस्त खरोखर मिळतो, पण आत्म्याच्या द्वारे, भाकरीत बदल होऊन नव्हे.

अमेरिकेत या घासापायी माणसांच्या नोकऱ्या गेल्यात. मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थहॅम्प्टनमध्ये जॉनथन एडवर्ड्सचे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांनी प्रभुभोजनाचं दार बरंच उघडं ठेवलं होतं. नातवानं ते अरुंद करायचं म्हटलं, आणि १७५० मध्ये मंडळीनं त्यालाच काढून टाकलं. १८३२ मध्ये बॉस्टनच्या सेकंड चर्चमध्ये राल्फ वाल्डो इमर्सननं उलट टोकाचं कारण दिलं. हा विधी कायमचा पाळावा असा येशूचा हेतूच नव्हता, मला तो मनापासून करता येत नाही, असं सांगून तो पाळकपद सोडून बाहेर पडला. एकाला भाकर इतकी पवित्र वाटली की ती कुणालाही देववेना. दुसऱ्याला ती देण्यात अर्थच दिसेना.

तुमच्यातल्या न्यू जर्सीकरांसाठी एक गंमत. १८६९ मध्ये व्हाइनलंडमध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षाचा रस आंबणार नाही अशी युक्ती काढली, कारण दारूविरोधी मेथडिस्टांना प्रभुभोजनाला वाइन नको होती. कॉस्टकोतून तुम्ही आणता तो वेल्चचा ज्यूस या धर्मशास्त्रातून आलेला आहे. 'नुसतं चिन्ह' मानणाऱ्यांनी त्या चिन्हासाठी एवढा खटाटोप केला. म्हणजे ते तितकं नुसतं नव्हतं.

म्हणून काही प्रॉटेस्टंट मंडळी कॅथलिकांना "तुम्ही जादूटोणा मानता, रक्त कुठे दिसतंय?" असं डिवचतात तेव्हा मला त्यांचीही कीव येते. दिसलं तरच खरं, ही अट त्यांनी मान्य केली की ती उद्या त्यांच्या पुनरुत्थानालाही लागू होणार. प्रदर्शनवाले आणि त्यांना हसणारे, दोघंही भाकरीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतात. फक्त उलटतपासणी वेगळी.

आपल्याकडचा गणपती आणि नामदेव

२१ सप्टेंबर १९९५ बद्दल आईबाबांना विचारा. गणपती दूध प्यायला लागला होता. पुण्या-मुंबईतच नव्हे, अमेरिकेतल्या देवळांतही चमचे घेऊन रांगा लागल्या होत्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण, असं वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून दाखवलं. बरोबरच होतं ते. पण नामदेवाची गोष्ट त्यानं खोटी पडली का? लहान नाम्या नैवेद्य घेऊन जातो, विठ्ठल जेवत नाही म्हणून हटून बसतो, आणि विठ्ठल जेवतो. महिपतीनं 'भक्तविजया'त ती सांगितली. त्यातली ताटली कुणी जपून ठेवली नाही, उष्ट्या घासाची तपासणी कुणी मागितली नाही. गोष्ट मुलाच्या हट्टाची आहे, देवाच्या पचनाची नाही.

आणि 'भक्तविजया'चं इंग्रजी भाषांतर कुणी केलं? अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी, नरहर गोडबोले यांच्या साथीनं. निवृत्तीनंतर अ‍ॅबट न्यू जर्सीतल्या समिटला राहत होते. ज्या काँग्रिगेशनल परंपरेत भाकरीत बदल होतो हेच मान्य नाही, तिथला हा माणूस म्हातारपणी तुकोबांच्या तरंगलेल्या वह्या आणि रेड्यामुखी वेद इंग्रजीत आणत बसला. चमत्कार खरा की खोटा एवढाच प्रश्न असता तर त्यांनी ते काम केलं नसतं. ही गोष्ट सांगणाऱ्यांना काय हवं आहे, हेही ते वाचत होते.

आता वारी आठवा. वारकरी पालखीकडे बघून "माउली आली" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, आणि प्रयोगशाळेतलं विधानही करत नाही. कॅथलिक मित्र याहून पुढे जाईल, "आमचं नुसतं तसं नाही" म्हणेल, आणि त्याचं ते म्हणणं आपण तसंच ऐकून घ्यायला हवं. पण 'उपस्थित असणं' म्हणजे केवळ 'तपासणीत सापडणं' नव्हे, एवढं समजायला आपल्याला पंढरपूरहून दूर जावं लागत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच आहे. मैत्रिणीचं लग्न कॅथलिक चर्चमध्ये असेल, मध्येच सगळे रांगेत उभे राहतील. आपल्या हाडात मुरलेलं आहे, प्रसाद नाकारू नये. इथे नेमकं उलटं करायचं. बाकावर शांत बसा. किंवा अनेक ठिकाणी चालतं तसं, रांगेत जाऊन हात छातीवर आडवे ठेवा, पाद्री नुसता आशीर्वाद देईल. 'काय फरक पडतो, एक चकती तर आहे' असं म्हणून ती तोंडात टाकणं हा उदारपणा नव्हे. समोरच्याच्या 'आहे'ला आपण परस्पर 'नाही' म्हटल्यासारखं होतं. चकती खिशात घालून तर अजिबात आणू नका. मेथडिस्ट चर्चमध्ये बहुधा सगळ्यांनाच बोलावतात, तिथे तुम्हाला वाटलं तर घ्या. प्रश्न पडला तर आधी विचारा, कुणाला राग येत नाही.

आणि प्रदर्शन तुमच्या गावात आलं तर जरूर बघा. छान काम आहे, मन लावून केलेलं आहे. ब्रसेल्सच्या फलकापाशी थोडं जास्त थांबा. मग आयोजकांना नम्रपणे विचारा, डॅलस, कर्न्स आणि मॉरिसचे फलक कुठे आहेत? जिथे चर्चनं स्वतः तपास केला, चमत्कार नाही असं सांगितलं, आणि पुढच्या रविवारी लोक नेहमीसारखे मिस्सेला आले. माझ्या मते त्या प्रदर्शनातले सगळ्यात बोलके फलक ते ठरतील. अजून कुणी छापलेले नाहीत.